देणें आणि दाखविणें

ऋण बुडवूं नये, हा आपल्या घरांतील फार जुना संस्कार आहे. देवऋण, ऋषिऋण व पितृऋण शिरावर घेऊनच मनुष्य जन्मास येतो असें मानणाऱ्या समाजांत सावकाराचें देणें बुडविणें हा केवळ कायद्याचा गुन्हा ठरत नाहीं, तें पापांत जमा होतें. संस्कार चांगलाच आहे. परंतु त्याच्या जोडीचा एक प्रश्न आपण क्वचितच विचारतों. जो मागतो त्यानें आपलें मागणें खरें असल्याचें दाखविलें पाहिजे कीं नाहीं? आणि तें न दाखवितां तो मागतच राहिला, तर देणाऱ्याचें कर्तव्य काय?

हा प्रश्न मला पुस्तकांत भेटला नाहीं. तो वाशीम जिल्ह्यांतील इंझोरी या गांवीं, मामांच्या ओसरीवर भेटला. मामांनीं कांहीं वर्षांपूर्वीं एका कंपनीकडून कर्ज काढून मोटारसायकल घेतली होती. हप्ते सारे फेडले, अशी त्यांची समजूत होती. पुढें भलत्याच नांवाच्या एका संस्थेचे फोन येऊं लागले: तें कर्ज आतां आमच्याकडे आलें आहे, अकरा हजार बाकी आहे, भरा. मामांनीं खातेउतारा मागितला; टपालानें दोन पत्रें पाठविलीं. पोंचपावत्या आल्या, उत्तर आलें नाहीं. फोन मात्र थांबले नाहींत. एके दिवशीं तर दोन तरुण दारांत उभे राहून शेजाऱ्यांना ऐकूं जाईल अशा आवाजांत बोलून गेले.

सुटींत मी गेलों तेव्हां मोठ्या शहाणपणानें म्हणालों, "मामा, अकरा हजारांसाठीं चारचौघांत शोभा कशाला करून घेतां? देऊन टाका आणि मोकळे व्हा." मामा शांतपणें म्हणाले, "बापू, देयाले मी कदी नाई म्हनलं काय? पन कायचे हायेत, थे त सांगा."

तीस वर्षें वर्गांत नीतिशास्त्र शिकविणाऱ्या मला यावर उत्तर सुचलें नाहीं. विचार करतां असें दिसतें कीं, कर्ज हें दोघांचें वचन आहे. घेणाऱ्यानें परत करावें, आणि देणाऱ्यानें किती दिलें, किती आलें, किती उरलें तें सांगावें, हीं त्या एकाच वचनाचीं दोन अंगें होत. शिवाय ज्यानें दुसऱ्याचें येणें आपल्याकडे घेतलें, त्याच्या हातीं पुष्कळदां नांवांची व आंकड्यांची एक यादीच असते. जें आपण तपासलें नाहीं तें ठासून सांगणें, योगायोगानें खरें निघालें तरी, सत्याला सोडूनच आहे.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाहीं. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांचा उद्रेक झाला व तो नगर जिल्ह्यांतही पसरला. त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. रोखे हातीं आले कीं ते जाळले जात. आपण भरलेली रक्कम कोठें मांडली जाते हें ज्याला कळत नाहीं, त्याला कागद हा पुरावा न वाटतां बेडी वाटते. पुढें १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यानें न्यायाधीशास रोख्याच्या पाठीमागें जाऊन व्यवहार मुळापासून तपासण्यास सांगितलें, आणि शेतकऱ्यास पावती व वार्षिक हिशेब मागण्याचा हक्क दिला. वऱ्हाडास तो कायदा लागू नव्हता. परंतु मध्यप्रांत व वऱ्हाडच्या १९३४ च्या सावकारी कायद्यानें येथेंही ऋणकोस दरसाल हिशेब देण्याचें बंधन घातलें. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यांतही तें आहे. बँका व वित्तसंस्था यांच्यासाठीं रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. थकबाकीसाठीं सकाळीं आठच्या आधीं व सायंकाळीं सातनंतर फोन करूं नये, चारचौघांत अपमान करूं नये, असें तिनें २०२२ सालीं बजावलें. अमेरिकेंत तर १९७७ च्या कायद्याप्रमाणें, ऋणकोनें तीस दिवसांच्या आंत लेखी हरकत घेतली तर पुरावा पाठवीपर्यंत वसुलीदारास वसुली थांबवावी लागते.

मग मामांच्या पत्रांस उत्तर कां येऊं नये? कारण हिशेब काढण्यास श्रम पडतात. लाज दाखविण्यास पडत नाहींत. वसुलीदार आपल्या त्या चांगल्या संस्कारावरच जगतो. आणि "देऊन टाका" म्हणणारे माझ्यासारखे आप्त त्याला फुकटांत मदत करतात.

हिशेबाचें निमित्त करून देणें टाळणारेही पुष्कळ असतात, हें खरें. त्यांना ओळखावें कसें? निघण्याच्या दिवशीं मामांनीं कपाटांतून एक कापडी पिशवी काढली. तींत हप्त्यांच्या पावत्या होत्या; मधल्या तीन महिन्यांच्या तेवढ्या सांपडत नव्हत्या. त्यांच्याजवळच अकरा हजार रुपये मोजून बांधून ठेवलेले होते. "बाकी निंघाली त त्याच दिवशी देतो," ते म्हणाले.

मीं माझा सल्ला परत घेतला. पत्रांचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं. तिसरें पत्र मीं लिहून दिलें आहे.