कुमकेचे मोल

मी : गुरुजी, अण्वस्त्र निर्मिण्याची कुवत अंगी असूनही जपान आणि जर्मनी अमेरिकेच्या आश्रयाने राहतात, यात मला दौर्बल्य दिसत नाही. अण्वस्त्र करायला घेतले की शत्रू सावध झालेला आणि आपले शस्त्र अजून अपुरे, असा जो मधला काळ, तोच सर्वांत घातक. शिवाय एकाने बॉम्ब केला की शेजारी स्वस्थ बसत नाही.

गुरुजी : हा युक्तिवाद आमच्या गोव्यातल्या पेडणे महालास नवा नाही. कोल्हापूरकरांची फौज अंगावर आली तेव्हा सावंतवाडीच्या खेम सावंतांनी कुमक मागितली ती फिरंग्यांकडे, म्हणजे पोर्तुगीजांकडे; ज्यांनी १७४६ साली सावंतांचाच हळर्णचा (अलोर्नाचा) किल्ला जिंकला होता आणि ज्यांच्या व्हाइसरॉयला त्या पराक्रमाबद्दल ‘अलोर्नाचा मार्किस’ हा किताब मिळाला होता, त्यांच्याकडे! कुमक आली, १७८८ साली तिच्यापोटी पेडणे गेले, आणि कुमकेला आलेले १७३ वर्षे राहिले.

मी : पण गादी तर राहिली? वाडीसारख्या लहान संस्थानाने दुसरे काय करावे?

गुरुजी : गादी राहिली. पण महालातल्या रयतेस कोणी विचारले? मैत्रीचे मोल दरबार ठरवतो आणि सरहद्दीवरचा माणूस फेडतो. जपानातील अमेरिकी तळांची सुमारे ७० टक्के जमीन एकट्या ओकिनावात आहे.

मी : स्वतःचे शस्त्र केले तरी तो माणूस सुटत नाही. १९७४ आणि १९९८ च्या चाचण्यांनी हादरली ती पोखरणची भूमी, दिल्लीची नव्हे.

गुरुजी : खरे. पण पोखरणचा माणूस दिल्लीला मत देतो, जाब विचारतो. पेडणेकराने लिस्बनला कोणत्या तोंडाने विचारावे?

यावर मला उत्तर सुचले नाही, आजही पुरते सुचलेले नाही. म्हणून मी विषय १९६१ च्या गोवामुक्तीकडे वळवला.

मी : लिस्बनही मित्रांवरच विसंबले होते ना? इंग्लंडशी १३७३ पासूनचा तह, १९४९ पासून नाटोचे सभासदत्व. पण भारतीय सेना दोडामार्गाकडून डिचोलीच्या मुलखात उतरली, तेव्हा कोणी आले नाही. नाटोच्या करारात गोवा बसतच नव्हता. आणि १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत आपल्याला तारले ते रशियाच्या नकाराधिकाराने. त्या कुमकेपायी आपला कोणता महाल गेला?

गुरुजी : कोणताच नाही. रशिया दूर होता. फिरंगी उंबरठ्यावर होते. दूरच्या मित्राला आपल्या जमिनीचा मोह नसतो.

मी : मग ओकिनावा? अमेरिका तर महासागरापलीकडे आहे.

गुरुजी : म्हणजे अंतराचा नियमही पुरा पडत नाही. तरी पेडण्याचा प्रश्न तुम्ही सोडवलेला नाही.

मी : नाही, सोडवलेला नाही.