आंबट असू द्या

फ्रोजन योगर्टच्या चाहत्याने भर जानेवारीत, तेही लखनौच्या चारबाग रेल्वे स्थानकात उभं राहून नव्या वर्षाच्या अपेक्षा मांडाव्यात, हा जरा विनोदच. बाहेर धुकं, गाड्या उशिरा, आणि फलाटावर जो तो कुल्हडातला चहा हातात धरून बसलेला. आपल्याकडे तर थंडीत नुसतं दही मागितलं तरी आजी डोळे वटारते. गोठवलेलं दही म्हणजे खोकल्याला अक्षतच. पण या शहरात आजीचं शास्त्र चालत नाही. इथला सर्वात नाजूक गार पदार्थ कडाक्याच्या थंडीतच मिळतो.

तो चारबागेत नाही, चौक नावाच्या भागात. गोल दरवाजापाशी नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी मक्खन मलाईवाले बसतात. तापवलेलं दूध रात्री उघड्या आभाळाखाली ठेवायचं, त्यावर दंव पडू द्यायचं, पहाटे घुसळायचं आणि वर आलेला फेस अलगद काढून घ्यायचा. मग साखर, केशर, पिस्ते. ऊन चढलं की फेस बसतो, धंदाही संपतो. हे दही नव्हे, याला विरजण लागत नाही, हे मान्य. तरी गार दुधात हवा कोंडून तोंडात ठेवताच विरघळणारं काहीतरी करायचं, ही कल्पना तीच. फ्रोजन योगर्टचं यंत्रही थंडीत घुसळतं आणि हवा भरतं. त्याला फक्त आभाळाची गरज नसते.

आणि या गारव्यातच घोळ होतो. गारव्याने जिभेला गोडी कमी कळते, म्हणून साखर वाढवावी लागते. शिवाय साखर गोठणबिंदू खाली आणते. ती नसेल तर यंत्रातून मऊ वेटोळं न येता बर्फाचा दगड येईल. म्हणजे साखर हा निव्वळ दुकानदाराचा लोभ नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण मऊपणासाठी लागते त्याच्या कितीतरी पुढे जाऊन तिने दह्याचा आंबटपणाच गिळला, त्याचं काय?

फ्रोजन योगर्टला जन्मापासून स्वतःची लाज वाटत आली आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेच्या ईशान्य भागात तो विकायला आला, तेव्हा लोकांना फार दह्यासारखा लागला. मग कंपन्यांनी तो आइस्क्रीमच्या जवळ नेला. 1981 मध्ये अर्कान्सातल्या लिटल रॉकमध्ये निघालेल्या टीसीबीवाय या साखळीचं मूळ नावच ‘हे दही असूच शकत नाही’ अशा अर्थाचं होतं. दुसऱ्या एका कंपनीचं नावही जवळजवळ तेच, त्यावरून कज्जा झाला आणि उरली ती आद्याक्षरं. दही विकणाऱ्याने आपल्या मालात दही जाणवत नाही म्हणून मिरवावं! 2002 मध्ये कोरियात रेड मँगो आणि 2005 मध्ये लॉस एंजेलिस परिसरात पिंकबेरी आली, तेव्हा कुठे आंबट चवीला पुन्हा मान मिळाला. आपल्याकडे ती लाट आली आणि वरच्या चॉकलेटच्या सरीखाली दही परत दिसेनासं झालं. ताकाच्या आणि कढीच्या देशात हे व्हावं, याचा मला खरा राग आहे. श्रीखंड कितीही गोड केलं तरी चक्क्याची आंबूस धार त्यात हवी, हे मराठी घरात लहान पोरालाही कळतं.

म्हणून पहिली अपेक्षा आंबटपणाची. दुसरी, डब्यावरच्या खरेपणाची. गोठवल्याने विरजणातले सगळे जिवाणू मरत नाहीत; पुष्कळसे निपचित पडतात. पण दही लावल्यानंतर मिश्रण पुन्हा तापवलं, तर ते संपले. अमेरिकेतल्या दही उत्पादकांच्या संघटनेने स्वेच्छेच्या शिक्क्यासाठी गोठवलेल्या दह्याला तयार होताना ग्रॅममागे 1 कोटी जिवंत जिवाणूंची अट घातली. आपल्याला आकडा नसला तरी चालेल. विरजण जिवंत आहे की नाही, एवढं तरी छापा. भावाची कुरकुर मी करणार नाही. आइस्क्रीमवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 18 वरून 5 टक्क्यांवर आलाच आहे, आता गारव्याला चैन म्हणायचं कारण उरलं नाही.

एक भीतीही आहे. 31 ऑक्टोबर 2025 ला युनेस्कोने लखनौला खाद्यसंस्कृतीचं सर्जनशील शहर ठरवलं. असा मान मिळाला की कोणीतरी हुशार माणूस मक्खन मलाई बारमाही करायला निघतो. कृपा करून तिच्या चवीचं फ्रोजन योगर्ट काढू नका. तिला तिचे चार महिने पुरेत. उलट ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने मंजूर केलेली चारबाग ते वसंतकुंज मेट्रो लवकर होवो. 11 किलोमीटरच्या त्या मार्गावर अमीनाबाद आहे, चौकही आहे. ते या वर्षात होणारं काम नव्हे, पण मुंबईहून आलेल्या माणसाला सकाळी गाडीतून उतरून ऊन चढायच्या आत गोल दरवाजा गाठता आला तर बरंच.

उरलेले आठ महिने मात्र गोठवलेल्या दह्याला द्या. मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो, तेव्हा चारबागेच्या त्या लाल-पांढऱ्या घुमटांसमोर एक साधी टपरी हवी. इथल्याच म्हशीच्या दुधाचं दही, वर फार तर भाजलेलं जिरं आणि काळं मीठ. रंगीत गोळ्यांच्या बरण्या तिने ठेवूच नयेत. दुकानदाराने गिऱ्हाइकाला एवढंच विचारावं: कालचं देऊ की परवाचं? मी परवाचं घेईन.