जन्मतारखेची गुणवत्ता

कॅनडात लहान मुलांच्या आइस हॉकीचे वयोगट १ जानेवारीच्या हिशोबानं ठरतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला, दोघं एकाच गटात. नऊ-दहा वर्षांच्या वयात अकरा महिने म्हणजे उंची, ताकद, समज सगळ्यातच केवढा तरी फरक! रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञानं १९८०च्या दशकात दाखवून दिलं, की वरच्या पातळीवर पोचलेल्या तरुण हॉकीपटूंमध्ये वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले खूप जास्त असतात आणि शेवटच्या तीन महिन्यांतले अगदी थोडे. इंग्लंडच्या फुटबॉल अकादम्यांमध्ये वयोगट १ सप्टेंबरला बदलतो, म्हणून तिथे फायदा सप्टेंबरमध्ये आणि त्यानंतर लगेच जन्मलेल्यांना. ग्रहताऱ्यांचा काही संबंध नाही. सगळा खेळ रजिस्टरमधल्या रेषेचा.

माल्कम ग्लॅडवेलच्या ‘आउटलायर्स’मुळे (२००८) हे अनेकांना माहीत असेल. मी ते आत्ता पुन्हा वाचलं, आणि या वेळी अडकलो ते पुढच्या पायरीवर. अंगानं मोठा मुलगा निवडला जातो. निवडला म्हणून त्याला चांगला प्रशिक्षक, जास्त सराव, तगडे प्रतिस्पर्धी मिळतात. पाच वर्षांनी तो खरोखरच उत्तम खेळायला लागतो. मग म्हणता येतं, बघा, आमची पारख बरोबर होती! वगळलेला मुलगा एव्हाना खेळ सोडून गेलेला असतो, त्यामुळे पारख चुकली होती हे दाखवायला कुणी उरतच नाही. माझ्या धंद्यातही हे नेहमीचं. जे व्हिडिओ वर दिसतात तेच लोक बघतात, आणि लोकांनी बघितले म्हणून ते पुन्हा वर येतात. खाली राहिलेल्यांबद्दल विदाच नसते.

शाळाही याला अपवाद नाहीत. अनेक देशांतल्या मुलांचे गुण तपासणारा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. चौथीतली वयानं सर्वांत लहान मुलं सर्वांत मोठ्या मुलांच्या मागे होती. आठवीपर्यंत अंतर कमी झालं, पण मिटलं नाही. त्या चार वर्षांत किती जणांना ‘याचं डोकं जरा कमीच’ हे ऐकावं लागलं असेल, ते गुणपत्रिकेत येत नाही.

आपल्याकडे याची जोडगोष्ट आहे: खोटे जन्मदाखले. राहुल द्रविडनं २०१५च्या पतौडी स्मृतिव्याख्यानात ज्युनियर क्रिकेटमधल्या वयचोरीवर कडक टीका केली होती. ती रोखण्यासाठी बीसीसीआय मुलांच्या हाडांची चाचणी करतं. टीका रास्तच आहे. मुलाचं वय वर्षभरानं कमी लावणारा बाप खोटं बोलतो, आणि पोरालाही शिकवतो. पण मैदानावर काय दिसतं? एक मोठं मूल आणि त्याच्यासमोर एक लहान मूल. जानेवारीत जन्मलेल्यालाही नेमकं तेच मिळतं, फुकटात आणि कायदेशीर. संघाबाहेर राहिलेल्या मुलाच्या दृष्टीनं दोन्हींत काडीचा फरक नाही. आपण मात्र एकाला लबाडी म्हणतो आणि दुसऱ्याला गुणवत्ता.

मला छळणारा प्रश्न हा आहे. कुणीच दोषी नसेल तर अन्याय झाला असं म्हणता येतं का? जानेवारीतल्या मुलानं काही चोरलेलं नाही. तोही पहाटे उठला, पडला, रडला, पुन्हा उभा राहिला. त्याची मेहनत शंभर टक्के खरी आहे. पण मेहनत करायलाही जागा लागते, आणि ती त्याला मिळाली याचं श्रेय त्याचं नाही.

आपले सिनेमे हा प्रश्न बहुधा टाळतात. ‘ट्वेल्थ फेल’ (२०२३) बघताना माझेही डोळे भरून आले. पण यूपीएससीला दरवर्षी दहा लाखांच्या आसपास अर्ज येतात आणि निवड होते साधारण हजारेक जणांची. तेवढीच पिठाची गिरणी चालवून, तेवढंच जागून यादीत नाव न आलेल्यावर सिनेमा निघत नाही. नागराज मंजुळेंच्या ‘झुंड’मध्ये (२०२२) कॉलेज आणि झोपडपट्टी यांच्यामध्ये एक भिंत आहे. चांगलं खेळणाऱ्या एका मुलीची आणि तिच्या वडिलांची पासपोर्टच्या कागदपत्रांसाठी पायपीट चालते. रेषेच्या कुठल्या बाजूला पडलो ही चिंता रजिस्टरात नाव असलेल्यांची. तिला आधी आपण आहोत हेच सिद्ध करायचंय.

मायकेल यंग या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञानं १९५८ साली ‘मेरिटोक्रसी’ हा शब्द रूढ केला तो उपहासानं. वर पोचलेल्यांना वाटेल की हे सगळं आपल्या लायकीचं फळ, आणि खाली राहिलेल्यांनाही तसंच वाटू लागेल, ही त्याची भीती होती. पुढे राजकारणी तोच शब्द कौतुकानं वापरू लागले, तेव्हा २००१मध्ये त्यानं वैतागून लेख लिहिला.

रेषा पुसा, असं मी म्हणत नाही. संघात अकराच जण मावतात. पण ती उशिरा ओढता येते, आणि एकदाच न ओढता पुन्हापुन्हा ओढता येते. इंग्लंडमध्ये काही क्लबांनी जन्मतारखेऐवजी शारीरिक वाढीनुसार गट करून बघितले. बेल्जियमच्या फुटबॉल संघटनेनं उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी निराळे संघ काढले. तिथली गुणवत्ता यानं खालावली नाही; शोधायची जागा फक्त वाढली.

प्रवेशपरीक्षेच्या रेषेच्या बऱ्या बाजूला पडलेल्या माझ्यासारख्यांनी काय करावं? अपराधी वाटून घेण्यात अर्थ नाही, त्यानं कुणाचंच पोट भरत नाही. पण उद्या मुलाखत घ्यायला, संघ निवडायला किंवा वर्गात शिकवायला आपण बसू, तेव्हा समोरचं पोर कच्चं आहे की अजून लहान आहे, एवढं तरी विचारून बघावं. आणि त्याचं उत्तर पहिल्याच दिवशी मिळायला हवं, असा हट्ट धरू नये.