पट्टी आणि प्रार्थना

२०२३ च्या मे महिन्यात नारायणगावच्या टोमॅटो बाजारात असा भाव निघत होता, की तोडणीची मजुरी आणि गाडीभाडंही सुटेना. कित्येकांनी उभे प्लॉट मोडले. जुलैत आवक आटली आणि २० किलोच्या क्रेटला २,००० रुपयांच्या वर भाव गेला. त्या दोन महिन्यांत ओतूरजवळच्या एका वस्तीवर राहणाऱ्या दोन ख्रिस्ती भावांची ही गोष्ट. बोधकथा म्हणून सांगतो आहे, तेव्हा कुणी त्यांची नावं शोधू नयेत.

थोरल्याची लागवड वेळेवर झाली होती. मेच्या अखेरीस त्याने तार-बांबू काढून घेतले आणि प्लॉटमध्ये रोटर फिरवला. धाकट्याला रोपंच उशिरा मिळाली होती. नर्सरीवाल्याच्या नावाने त्याने तेव्हा बरीच बोटं मोडली होती. पण त्याचा पहिला तोडा नेमका तेजीत सापडला. हातात आडत्याकडची विक्रीची पट्टी पडली तेव्हा आकडा त्याने दोनदा वाचला.

धाकटा भाविक होता, यात शंका नाही. दर शुक्रवारी उपास करी आणि दशांश कधी चुकवत नसे. ऑगस्टमध्ये त्याने घरी उपकारस्तुती ठेवली. मंडप आला, माइक आला, साऱ्या वस्तीला जेवण. नारायण वामन टिळकांची भजनं टाळ-पेटीवर झाली. ओतुरात तुकोबांच्या गुरूंची, बाबाजी चैतन्यांची समाधी आहे, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असं टिळक सांगत. त्या गावात ही भजनं म्हणताना गळा आपसूक मोकळा होतो.

मग धाकटा साक्ष द्यायला उभा राहिला. "मी उपास केले. मी दशांश दिला. मी गुडघे टेकून भाव मागितला आणि प्रभूने मला भाव दिला. ज्यांनी विश्वास सोडला, त्यांनी प्लॉट मोडले." मंडपात 'आमेन' झालं. थोरला मागे भाताच्या पातेल्याशी उभा होता.

आभार मानण्यात काही वावगं नाही. देवाने दिलं ते चारचौघांत सांगावंच. पण धाकट्याच्या बोलण्यात देव हळूहळू आडत्या होऊन बसला होता. आपण उपासाचा माल घालायचा आणि त्याने पट्टी काढायची. शिवाय एक गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नव्हती. तो भाव चढला त्यामागे पावसा-उन्हाने गेलेली पिकं होती, तसे थोरल्यासारख्यांनी मोडलेले प्लॉटही होते. बाजारात त्यांचा माल आला असता, तर धाकट्याच्या क्रेटला एवढा भाव कुठून मिळता?

पाळकसाहेबांनी त्या दिवशी लूकच्या शुभवर्तमानातला परुशी आणि जकातदाराचा दाखला घेतला. म्हणाले, "नाणेघाटात दगडी रांजण पाहिलाय ना? जकातीचे पैसे त्यात टाकत, असं जुने लोक सांगतात. तो घाट सातवाहनांच्या काळातला, म्हणजे येशूने हा दाखला सांगितला, त्याच्या आसपासचाच काळ. त्या रांजणाशी बसणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. सगळ्यांच्या शिव्या खाल्लेला. तो मंदिरात जातो आणि लांबच उभा राहतो. वर बघायची हिंमत नाही. छाती बडवतो आणि दया मागतो. पुढे उभा असलेला परुशी आपले उपास आणि दशांश मोजून दाखवतो. येशूच्या म्हणण्याप्रमाणे नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार."

धाकट्याला उपदेश फार आवडला. बाजारातल्या एका लबाड माणसाने तो ऐकायला हवा होता, असं त्याच्या मनात आलं.

रात्री पाहुणे पांगले. दोघे भाऊ मोठी पातेली घासायला हौदापाशी बसले. धाकटा सहज म्हणाला, "दादा, तेव्हा तू प्रार्थना केली असतीस, तर प्लॉट मोडायची वेळ आली नसती."

थोरला राखेने पातेल्याचा काठ घासत राहिला. मग म्हणाला, "केली होती. रोज पहाटे, बांधावर. तू झोपलेला असायचास."

"काय मागितलंस?"

"तू मागितलंस तेच. भाव."

"मग?"

"मग काय? मजुरांचे पैसे द्यायचे होते. रोटर घातला."

धाकट्याचा हात थांबला. साक्षीतलं शेवटचं वाक्य त्याला आठवलं आणि ते कुणाच्या देखत बोललो, हेही. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "देवाचा राग नाही आला?"

"आला की. तोही त्यालाच सांगितला. दुसऱ्या कुणाला सांगणार? तो देव आहे. त्याने का दिलं नाही, हे त्याने मला सांगितलंच पाहिजे असं थोडंच आहे? पण मी उठून गेलो नाही. तुझा प्लॉट दिसत होता समोर. म्हटलं, निदान त्याला तरी लागू दे."

"माझ्यासाठी मागत होतास?"

"मग कुणासाठी मागू? शेजारी तूच आहेस."

धाकट्याने पातेलं खाली ठेवलं. खिशात पट्टी होती. दिवसभर तो ती लोकांना दाखवत होता. ती काढून त्याने थोरल्यापुढे धरली. "तुझे मजुरांचे अजून किती द्यायचे राहिलेत?"

थोरल्याने आकडा सांगितला.

"उद्या देऊन टाकू. आणि दादा, पहाटे मलाही हाक मार."

"चारला उठावं लागतं," थोरला म्हणाला. "आणि तिथे माइक नसतो."

"चालेल," धाकटा म्हणाला, आणि उरलेली पातेली त्याने स्वतःकडे ओढून घेतली.