एका पैचा हिशोब

देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या हिशोबात एका पैचा मेळ बसेना, म्हणून नाथमहाराज रात्रभर जागले. मीही बग शोधत जागतो, पण डेडलाइनच्या धाकाने! नाथ जागले, कारण हिशोब गुरूंचा होता.

आपण पाठवलेल्या मेसेजचा हिशोब कोण ठेवतं? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. त्याच महिन्यात कंपनीने फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा आणली. पण तपासायचं काम कुठलं बटण करणार?

परवा थकून घरी आलो आणि असाच एक मेसेज न वाचता सोसायटीच्या ग्रुपवर ढकलला. खोटा निघाला. लोकांनी माझं नाव बघून विश्वास ठेवला होता. आज एकनाथी भागवत उघडण्याआधी तिथे लिहिलं, चूक माझी.