तोच स्विच, नवे सॉफ्टवेअर: सातत्याचा प्रश्न

नेटवर्क स्विचच्या पेटीत दोन वेगळी कामे चालतात. एका पोर्टवर आलेली फ्रेम कोणत्या पोर्टने पुढे धाडायची, हे एक खास चिप आपल्याजवळचे तक्ते पाहून ठरवते. ते तक्ते भरणे, शेजारच्या यंत्रांशी बोलणी करणे आणि प्रशासकाच्या आज्ञा पाळणे हे सॉफ्टवेअरचे काम. नवी आवृत्ती येते तेव्हा हा दुसरा भाग कर्नलपासून वरपर्यंत सगळा बदलू शकतो. पेटी, तिचा अनुक्रमांक आणि कारखान्यात मिळालेला 48 बिटांचा मॅक पत्ता मात्र कायम राहतो. अशा अपडेटनंतर कामाला लागलेला स्विच पूर्वीचाच मानायचा की दुसरा? नेटवर्क सांभाळणाऱ्यांना हा व्यवहारातला प्रश्न वाटेल. पण बदल झाल्यावरही वस्तू ‘तीच’ कशी राहते, हा भारतीय दर्शनांनी शतकानुशतके कसून तपासलेला प्रश्नही हाच आहे.

न्याय आणि वैशेषिक ही दर्शने बहुतेक बाबतींत एकमेकांच्या जवळची. कच्चे मडके भट्टीत भाजून लाल होते तेव्हा नेमके काय घडते, यावर मात्र त्यांचे मतभेद झाले. वैशेषिकांच्या मते अग्नीमुळे मडके अणूंपर्यंत विघटित होते, अणूंना नवा रंग येतो आणि त्यांतून नवे मडके तयार होते; हे इतक्या वेगाने घडते की डोळ्यांना कळत नाही. हा पीलुपाकवाद. नैयायिकांचा पिठरपाकवाद याउलट सांगतो की मडके अखंड राहते आणि रंग तेवढा पालटतो. त्यांचे पुरावे साधे आहेत: भाजलेले मडके ‘तेच हे’ म्हणून ओळखू येते, आणि एकावर एक रचलेल्या मडक्यांतले खालचे भाजले जात असताना वरची कोसळत नाहीत.

स्विचच्या अपडेटमध्ये हे दोन्ही प्रकार प्रत्यक्ष घडतात. नेहमीच्या रीबूटमध्ये चिपही नव्याने सुरू होते आणि तिचे तक्ते रिकामे होतात. पोर्ट बंद पडतात, जोडलेल्या यंत्रांना तार तुटल्यासारखे दिसते. मग फ्लॅशमध्ये जपलेले कॉन्फिगरेशन वाचून सारे पुन्हा उभे राहते आणि कोणते यंत्र कोणत्या पोर्टवर आहे हे स्विच नव्याने शिकतो. जुन्या स्पॅनिंग ट्रीच्या नियमानुसार तर पोर्टला ऐकण्यासाठी 15 आणि शिकण्यासाठी 15 सेकंद थांबावे लागते, त्यानंतरच वाहतूक सुरू होते. हे विघटन आणि पुनर्रचना आहे. वरची मडकी येथे खरोखर कोसळतात.

दुसरा प्रकार वॉर्म रीबूटचा. मायक्रोसॉफ्टने 2016 मध्ये खुल्या केलेल्या, लिनक्सवर आधारलेल्या ‘सॉनिक’ या प्रणालीत तो जवळून पाहता येतो. स्विचची सारी स्थिती तेथे रेडिस या डेटाबेसमध्ये असते. रीबूटपूर्वी ती जपून ठेवली जाते आणि जुने कर्नल नव्या कर्नलच्या हाती थेट कारभार सोपवते. त्या अवधीत चिपला हात लावला जात नाही. शेवटच्या तक्त्यांवरून ती फ्रेम पुढे धाडत राहते. नवे सॉफ्टवेअर उठल्यावर स्थिती कशी असावी याचे चित्र आधी तयार करते, चिपमध्ये असलेल्या स्थितीशी ते ताडून पाहते आणि जेथे फरक असेल तेवढेच बदलते. एक मर्यादा मात्र पाळावी लागते. अनेक तारा एकत्र बांधणाऱ्या एलएसीपीच्या संथ पद्धतीत दर 30 सेकंदांनी निरोप जातो आणि 90 सेकंद निरोप न आल्यास शेजारी ती जोडणी सोडून देतो. नव्या सॉफ्टवेअरला त्याआधी बोलते व्हावेच लागते.

स्विचचे ‘तेच’पण केवळ त्याच्या पेटीत नसते, हे येथे स्पष्ट होते. बीजीपी या मार्गनियोजनाच्या पद्धतीत ग्रेसफुल रीस्टार्टची सोय 2007 मध्ये प्रमाणित झाली. तिच्यात बोलणे तुटले तरी शेजारी यंत्र शिकलेले मार्ग लगेच पुसत नाही. त्यांवर ‘शिळे’ अशी खूण करून ठरलेला वेळ थांबते. परतलेले यंत्र आपले तक्ते शाबूत असल्याचे सांगते, मग मार्ग ताजे केले जातात. तसे सांगितले नाही, तर शेजारी ते मार्ग तत्काळ काढून टाकतो. आणि हा दावा खोटा निघाला, तर पाठवलेली माहिती मधेच नाहीशी होते. सातत्य येथे दोघांनी मिळून राखलेले असते, आणि ते खऱ्या बोलण्यावर उभे असते.

बौद्ध क्षणभंगवादी या साऱ्याकडे निराळ्या दृष्टीने पाहतील. त्यांच्या मते टिकणारी वस्तू मुळातच नाही; आधीचा क्षण पुढच्या क्षणाला जन्म देतो आणि नाहीसा होतो, आणि या अखंड प्रवाहाला आपण एक नाव देतो. जुन्या सॉफ्टवेअरने सोपवलेली स्थिती घेऊन नवे सॉफ्टवेअर उभे राहते, या घटनेचे हे नेमके वर्णन आहे. विरोधकांनी यावर कृतनाश आणि अकृताभ्यागम हे दोष दाखवले: करणारा नाहीसा झाला तर केलेले वाया जाईल आणि न केलेल्याचे फळ दुसऱ्याला भोगावे लागेल. बौद्धांचे उत्तर असे की प्रवाह एक असल्याने दायित्वही त्यातून पुढे वाहते. जुन्या आवृत्तीने शेजाऱ्यांना दिलेले वचन नवी आवृत्ती पाळते, तेव्हा या उत्तरात तथ्य दिसते. पण हस्तांतर अपुरे राहिले तर आक्षेपही तितकाच खरा ठरतो.

जैन दर्शन या दोन टोकांना एकत्र आणते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राने सत् वस्तूला उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य अशी तिन्ही अंगे मानली: काही उपजते, काही लयाला जाते, काही टिकते. आचार्य समंतभद्रांनी आप्तमीमांसेत याचे उदाहरण दिले आहे. सोन्याचा घट वितळवून मुकुट केला, तर घट हवा असलेल्याला दुःख होते, मुकुट हवा असलेल्याला आनंद, आणि ज्याला सोनेच हवे होते तो समभावाने राहतो. घटना एकच, पण तिन्ही अनुभव सकारण आहेत.

नव्या आवृत्तीसोबत येणारे बदलांचे टिपण याच कसोटीवर वाचले पाहिजे. त्यात नव्या सुविधा असतात, दुरुस्त झालेले दोष असतात, अद्याप शिल्लक असलेले दोष असतात. सर्वांत जपून वाचायचे ते काढून टाकलेल्या आणि मूळ वागणूक बदललेल्या गोष्टींचे भाग. पासवर्ड उघडा पाठवणारे टेलनेट बंद करणे किंवा एसएसएचमधील दुबळ्या सांकेतिक पद्धती वगळणे सुरक्षेसाठी योग्यच आहे. सुरक्षितता हवी असलेल्याला त्यात लाभ दिसतो. ज्याचे जुने यंत्र तेवढीच पद्धत जाणते, त्याचा संपर्क मात्र त्या रात्री तुटतो. ज्याला फक्त फ्रेम पोहोचण्याशी कर्तव्य आहे, त्याला काहीच जाणवत नाही. तिघांपैकी कोणाचाही अनुभव भ्रम नव्हे.

म्हणून ‘तोच की दुसरा’ याला एका शब्दात उत्तर देता येत नाही. कोणत्या अंगाने विचारले, ते आधी सांगावे लागते. पेटी म्हणून स्विच तोच आहे, आज्ञावली म्हणून दुसरा आहे, आणि शेजाऱ्यांशी बांधलेला व्यवहार म्हणून तो पाळलेल्या वचनांइतकाच तोच आहे. यातून बदल करणाऱ्यावर स्पष्ट कर्तव्य येते. काय उपजले, काय गेले आणि काय टिकले, या तिन्हींचा हिशेब त्याने सारख्याच प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. केवळ नवे सांगून गेलेले झाकणे म्हणजे घट हवा असलेल्याला मुकुट दाखवून गप्प करणे होय. यंत्रावर विसंबलेल्या प्रत्येकाचा विचार करून केलेला बदलच सातत्य राखतो.