वाहनखरेदी आणि शुभाचे स्थान

मोटार विकत घेणाऱ्या माणसाने पंचांग पाहावे की नाही, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो; परंतु त्याच्या पोटात धर्मचिंतनातील एक जुना आणि गंभीर प्रश्न दडलेला आहे, आणि तो असा की, ज्या शुभाची कामना माणूस जन्मभर करीत असतो ते शुभ काळाच्या एखाद्या विशिष्ट क्षणात वसते, की त्या क्षणी कर्म करणाऱ्याच्या विवेकात? सेनगावसारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न दर वर्षी नव्याने उभा राहतो. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया व विजयादशमी हे तीन पूर्ण आणि बलिप्रतिपदा हा अर्धा, असे साडेतीन मुहूर्त जवळ येऊ लागले की हिंगोलीच्या किंवा नांदेडच्या शोरूममधून नवी गाडी आणण्याचे बेत घरोघरी ठरतात. गाडी दारात आली म्हणजे तिच्या चाकांखाली लिंबे ठेवली जातात, तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक रेखाटले जाते, घरची लक्ष्मी तिला ओवाळते, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि एक मोठे कार्य निर्विघ्न पार पडल्याचे समाधान सर्वांच्या मुखावर दिसते.

या आचाराची हेटाळणी करण्याचा अधिकार कोणासही नाही, आणि मला तर त्याविषयी मनापासून आदर आहे. ज्या समाजाने हे मुहूर्त ठरविले तो समाज शेतीवर जगणारा होता, व त्याच्या हाती पैसा येण्याचे दिवसही निसर्गाने नेमून दिलेले होते. आजही या तालुक्यात सोयाबीनची रास दसरा-दिवाळीच्या सुमारास घरात येते, आणि हळद काढून, शिजवून, वाळवून हिंगोली-वसमतच्या बाजारात पोहोचते ती पाडवा व अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे. त्यामुळे मुहूर्तावर केलेली खरेदी ही पुष्कळदा गाठीशी पैसा असताना केलेली खरेदी असे, आणि पूर्वजांच्या या व्यवस्थेत श्रद्धेइतकाच व्यवहारही होता. दोष आचारात नाही. तो आचार विचाराची जागा घेऊ लागतो तेथे दोष सुरू होतो. मुहूर्त साधला म्हणजे निर्णयही योग्य झाला, असे जेव्हा मनुष्य मानू लागतो, तेव्हा त्याने तिथीवर असा भार टाकलेला असतो, जो वाहण्याचे सामर्थ्य कोणत्याही तिथीत नाही.

शुभ क्षणात वसते की विवेकात, याचे उत्तर शोधण्यास आपणास दूर जावे लागत नाही. सेनगावच्याच हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, आणि याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे त्यांना विसोबा खेचरांकडून जो बोध झाला, त्याची कथा वारकरी संप्रदायात सर्वश्रुत आहे. विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून पडलेले पाहून नामदेव व्यथित झाले, तेव्हा विसोबांनी, जेथे देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव, अशी विनंती त्यांना केली. परंतु नामदेवांनी ते पाय जेथे जेथे ठेवले तेथे तेथे पिंड प्रकट झाली. या कथेचा आशय स्थळापुरता समजून थांबणे म्हणजे तिचे अर्धे फळ सोडून देणे होय. जो देव एका स्थळात कोंडला जात नाही तो एका घटकेत तरी कसा कोंडला जाईल? जर ईश्वराविना रिकामी अशी जागा नाही, तर त्याच न्यायाने ईश्वराविना रिकामा असा दिवसही नाही. आणि मग शुभ व अशुभ यांचा निवाडा तिथीकडून काढून घेऊन कर्त्याच्या हेतूकडे, त्याच्या सावधपणाकडे आणि त्याच्या कर्माच्या परिणामाकडे सोपविणे आपणास प्राप्त होते.

असा निवाडा करू पाहणाऱ्याने प्रथम प्रयोजन तपासावे. अपरिग्रहाचे व्रत सांगणारे कित्येक सज्जन मोटार ही चैनच आहे असे मानतात, परंतु सेनगावच्या माणसास हे मत जसेच्या तसे लागू करणे अन्यायाचे होईल. पूर्णा-अकोला लोहमार्ग हिंगोलीवरून जातो, सेनगावास शिवत नाही. 1 मे 1999 रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत येथील माणसास जिल्ह्याच्या कचेरीतील कामासाठी परभणी गाठावी लागे, आणि आजही रात्री-अपरात्री बाळंतीण अडली किंवा वृद्धाच्या छातीत कळ आली तर हिंगोलीचे, नाहीतर थेट नांदेडचे रुग्णालय गाठावे लागते. अशा ठिकाणी दारातील वाहन हे एखाद्याच्या प्राणाचे रक्षण करू शकते, आणि त्याला भोग म्हणणे चुकीचे ठरेल. अपरिग्रहाचा खरा प्रश्न वाहन असावे की नसावे हा नसून, ते कोणाच्या नजरेसाठी घेतले जात आहे हा आहे. महिन्यातून किती दिवस ते चालणार, किती माणसे त्यात बसणार, पावसाळ्यात शेताकडचा कच्चा रस्ता त्यास पेलवणार काय, बिघडल्यास दुरुस्तीचे ठिकाण किती दूर, रोजचे अंतर थोडे असता डिझेलच्या गाडीची जास्त किंमत कधी तरी भरून निघणार काय, या प्रश्नांची उत्तरे ज्याने शांतपणे दिली त्याने आपल्या गरजेची ओळख करून घेतली. शेजाऱ्याने अमुक गाडी आणली म्हणून मुलाच्या लग्नाआधी आपणही त्याहून मोठी आणली पाहिजे, असे ज्याने ठरविले त्याने मात्र आपल्या निर्णयाची मुखत्यारी परक्याच्या हाती दिली.

दुसरी तपासणी ऋणाची. आपल्या शास्त्रांनी देवऋण, ऋषिऋण व पितृऋण सांगितले. त्यांत स्वेच्छेने आणखी एका ऋणाची भर घालणाऱ्याने त्याचा हिशेब तरी नीट मांडावा. सहा लक्ष रुपयांचे कर्ज घटत्या शिलकीवर दरसाल दहा टक्के व्याजाने सात वर्षांसाठी घेतले, तर दरमहा सुमारे 9,960 रुपयांचा हप्ता पडतो आणि अखेरपर्यंत व्याजापोटी सुमारे 2 लक्ष 37 हजार रुपये जातात. तेच कर्ज पाच वर्षांत फेडले तर हप्ता सुमारे 12,750 रुपये होतो, पण व्याज 1 लक्ष 65 हजारांच्या आसपास राहते. हप्ता हलका दिसावा म्हणून मुदत वाढविणारा मनुष्य वस्तुतः पाऊण लक्षाच्या जवळपास अधिक रक्कम देऊन केवळ आजची सुलभता विकत घेतो. त्यातही कोरडवाहू शेतकऱ्याची अडचण अधिक बिकट आहे, कारण हप्ता दर महिन्यास येतो आणि उत्पन्न दर हंगामास. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी हप्ता मागे हटत नाही. मग थकबाकी, मग नोटीस, मग जप्ती, आणि ज्या दारात ओवाळणी झाली त्याच दारातून गाडी ओढून नेली जाण्याचा प्रसंग. म्हणून एका बुडालेल्या हंगामाचे हप्ते आधीच बाजूस ठेवता येत असतील तरच कर्जाच्या कागदावर सही करावी, आणि सातबाऱ्यावर बोजा चढवून प्रतिष्ठेसाठी मोटार कदापि घेऊ नये. अनृणी असण्याचे सुख हे कोणत्याही वाहनाच्या सुखाहून मोठे आहे.

तिसरी तपासणी सत्याची, आणि ती जुनी गाडी घेताना विशेष कसास लागते. आपल्या वडीलधाऱ्यांनी बैल घेताना जी दक्षता बाळगली तिचे येथे स्मरण व्हावे: दात पाहून वय ठरवायचे, खूर व वशिंड चाचपायचे, चार पावले चालवून व औताला जुंपून पाहायचे, आणि मगच दलालाच्या रुमालाखाली बोटांनी किंमत सांगायची. त्या बैलाची पूजा पोळ्यास होई, म्हणजे त्याची पारख आधी आणि श्रमाची कृतज्ञता नंतर. मोटारीच्या बाबतीत हाच क्रम उलटा होऊ नये. इंजिन थंड असताना स्वतः सुरू करून धुराचा रंग व आवाज पाहावा. टायर एकाच बाजूने झिजले असतील तर त्याचे कारण विचारावे. दारांच्या कडा व बॉनेटखालचा पत्रा निरखून, पूर्वी अपघात होऊन जोडकाम व रंगकाम झाले आहे काय, ते भरवशाच्या मेस्त्रीकडून पडताळून घ्यावे. मीटरचा आकडा सर्व्हिसिंगच्या नोंदींशी जुळवावा. चासी व इंजिनचे क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावेत, आणि त्यावर बँकेचा बोजा असल्यास तो उतरल्याचा दाखला हाती आल्याखेरीज इसार देऊ नये. खाजगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांची असते व पुढे ती नव्याने करून घ्यावी लागते, हेही वय विचारताना ध्यानात ठेवावे. विकणाऱ्याचाही धर्म आहेच: दोष झाकून घेतलेली किंमत ही दुसऱ्याच्या अज्ञानाचा फायदा घेऊन केलेली लूट होय.

कायद्याने तर येथे कर्मसिद्धान्ताचीच आठवण करून दिली आहे. 1988 च्या मोटार वाहन अधिनियमाप्रमाणे विक्रीनंतर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत परिवहन कार्यालयास मालकी बदलल्याची वर्दी द्यावयाची असते; आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, गाडी प्रत्यक्षात अनेकांच्या हातून पुढे गेली असली तरी सरकारी दप्तरी ज्याचे नाव मालक म्हणून आहे, अपघाताच्या भरपाईचे दायित्व त्याच्यावरच राहते. कोऱ्या फॉर्मवर सही करून गाडी सोडून देणाऱ्याने समजून असावे की, वस्तू हातातून गेल्याने तिचे फळ टळत नाही.

चौथी तपासणी सर्वांत महत्त्वाची, आणि आपल्या वाहनपूजेत तिला सर्वांत कमी स्थान आहे. आपण देवापाशी मागतो ते आपल्या गाडीचे, आपल्या कुटुंबाचे क्षेम. परंतु त्या गाडीपुढे येणाऱ्या अनोळखी माणसाचे काय? 2022 या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे अपघातांत मृत्युमुखी पडली, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. सेनगावच्या रस्त्यावर तिन्हीसांजेस बिनदिव्याची बैलगाडी चालते, शाळेतून परतणारी मुले चालतात, परतवारीस नर्सीकडे निघालेले वारकरी चालतात. त्या सर्वांचे प्राण मोटार घेणारा मनुष्य नकळत आपल्या हाती घेत असतो. ज्यास अहिंसा हे मूल्य मान्य आहे त्याने गाडी निवडताना ब्रेक, दिवे, टायर आणि एअरबॅग यांना संगीतयंत्राच्या व चकचकीत चाकांच्या आधी स्थान दिले पाहिजे. ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप ही व्यवस्था मोटारींची धडक-चाचणी करून प्रौढांच्या व बालकांच्या संरक्षणासाठी वेगवेगळे तारे देत आहे. आपण घेऊ इच्छितो त्या गाडीस किती तारे आहेत, हा प्रश्न विक्रेत्यास मायलेजच्या आधी विचारावा. त्रयस्थ पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे, तो केवळ दंड टाळण्यासाठी काढावयाचा नाही. आपल्या हातून कोणाचे घर उघडे पडले तर त्या घरास आधार देण्याची ती आपण केलेली आगाऊ तरतूद आहे. आणि पट्टा न बांधता, मुलास मांडीवर घेऊन, मद्य प्राशन करून जो ती गाडी चालवितो त्याने तिच्यापुढे फोडलेला नारळ व्यर्थ होय.

कोणी म्हणेल की, अशाने श्रद्धेचा ओलावा संपेल आणि उरेल तो केवळ हिशेब. मला तसे वाटत नाही. कठोपनिषदाने शरीरास रथ म्हटले आणि त्या रथाचे सारथ्य बुद्धीकडे सोपविले. मनाच्या लगामाशिवाय आणि बुद्धीच्या सारथ्याशिवाय रथ इष्ट स्थळी पोहोचत नाही, हे तेथे स्पष्टच सांगितले आहे. उपनिषदांच्या ऋषीस जेथे श्रद्धा व विवेक यांत विरोध दिसला नाही, तेथे आपण तो कल्पून का घ्यावा? विवेकाने घेतलेल्या निर्णयानंतर जेव्हा गृहिणी नव्या गाडीस ओवाळते, तेव्हा त्या पूजेस प्रतिज्ञेचे रूप येते: हे यंत्र मी जपून चालवीन, याचे ऋण वेळेवर फेडीन, आणि यापायी कोणाच्या घरात दुःख जाऊ देणार नाही.

म्हणून माझी वाचकास विनंती आहे ती एवढीच की, पूजेसाठी मुहूर्त अवश्य पाळावा, पण निर्णय मुहूर्ताच्या घाईवर सोडू नये. दसऱ्यास गाडी आणावयाची असेल तर किमान महिनाभर आधी, एखाद्या साध्या दिवशी, घरातील स्त्रियांना व वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन गरजेची यादी करावी, कर्जाचा हिशेब कागदावर मांडावा, गाडी दिवसाउजेडी चालवून पाहावी आणि कागदपत्रे पुरती वाचावीत. व यांतील एकही गोष्ट अपुरी राहिली असेल तर हाती आलेला मुहूर्त खुशाल जाऊ द्यावा. प्रयोजन, ऋण, सत्य आणि दुसऱ्याचे प्राण या चारांचा निकाल लावून जो दिवस उजाडतो, मग तो अमावास्येचा का असेना, तोच मोटार घेण्यास योग्य दिवस होय.